बकरा लिहिणाऱ्या आत्या

आमच्या ऑफिसात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आम्ही तीन जाहिराती दाखवतो, आणि त्यातली एकच विकायची असते. बाकीच्या दोन नुसत्या सोबतीला. पहिली अगदी मिळमिळीत, गिऱ्हाईक बैठकीत जे बोललं तेच मोठ्या अक्षरात छापलेली. ती बघून त्याला स्वतःच्या बोलण्याची थोडी लाज वाटावी, एवढंच तिचं काम. तिसरी इतकी भलतीच, की ती पुढे आली की गिऱ्हाइकाने दचकावं आणि धावत जाऊन मधलीला मिठी मारावी. ह्या तिसरीला आमच्याकडे बकरा म्हणतात, कारण तिचा बळीच द्यायचा असतो. "बकरा झाला का?" असं आमचे मालक सगळ्यांसमोर ओरडून विचारतात, आणि खालचा पंक्चरवाला अजून आमच्याकडे संशयाने बघतो.

मी चित्रं काढतो, अक्षरं मांडतो, आणि गिऱ्हाइकाने लोगो मोठा करा म्हटलं की लोगो मोठा करतो. मधली जाहिरात मालक स्वतः लिहितात. त्यांच्याकडे विश्वास, स्वप्न, नातं, परंपरा आणि उद्या असे पाच शब्द आहेत, आणि ते पत्त्यांसारखे पिसून त्यांनी संसार उभा केला आहे. फरशीवाल्याला विश्वासाची परंपरा दिली, ट्यूशनवाल्याला स्वप्नांचा उद्या दिला, आणि दोघांनीही पैसे दिले. मी त्यांना नावं ठेवतो, पण माझा पगारही त्याच पाच शब्दांतून येतो.

बकरे लिहायच्या त्या आत्या.

आत्या म्हणजे मालकांच्या सख्ख्या आत्या. आधी एका छापखान्यात चुका तपासायला होत्या. छापखाना बंद पडला तेव्हा मालकांच्या वडिलांनी, म्हणजे आत्यांच्या मोठ्या भावाने, मुलाला सांगितलं की हिला तुझ्याकडे बसव. बसव म्हणजे अक्षरशः बसव. खिडकीपाशी एक लाकडी खुर्ची होती, तिच्यावर त्या बसल्या. एकदा कुलपं बनवणाऱ्या एका कंपनीसाठी बकरा हवा होता आणि कोणाला काही सुचत नव्हतं. आत्यांनी मानही वर न करता सांगितलं, "चोर येणारच. आम्ही त्याचा जरा वेळ घेतो, असं लिहा." मी लिहिलं. कुलूपवाला पांढरा पडला आणि त्याने मधली जाहिरात चहा यायच्या आत मंजूर केली. त्या दिवसापासून बकरा आत्यांच्या नावावर झाला.

काय काय लिहायच्या. दातांच्या डॉक्टरला लिहिलं, "दुखेल. आम्हाला नाही, तुम्हाला." ट्यूशनवाल्याला लिहिलं, "तुमचा मुलगा हुशार नाही. आमचे मास्तर चिवट आहेत." एका बिल्डरला लिहिलं, "बाल्कनीत दोन खुर्च्या मावतात. बसणाऱ्यांचं पटलं पाहिजे." बिल्डर इतका घाबरला की त्याने मधलीवर सही करून वर आम्हाला पेढे पाठवायचं कबूल केलं. पेढे आले नाहीत ती गोष्ट वेगळी. पण शहरात आमच्या इतक्या जाहिराती लागल्या आणि त्यातली एकही ओळ आत्यांची नव्हती. एखादी लागली असती तर बकरा फसला असता. मी एकदा विचारलं, वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, "रेघोट्या, चालत्या लग्नात जेवायला बसलं की लोक बघतात कोण जेवतंय. मागच्या दाराने जाऊन जेवलं की पोटभर होतं."

मला त्या रेघोट्या म्हणायच्या. मालकांना सोन्या म्हणायच्या, आणि तेही गिऱ्हाइकासमोर. मालक आधी फार चिडायचे, मग त्यांनी नाद सोडला.

नाकारलेले बकरे आत्या घरी न्यायच्या. जाहिरात दाखवायची म्हणजे जाड, कडक पांढऱ्या बोर्डावर चिकटवून दाखवावी लागते, आणि तो बोर्ड टाकून द्यायला त्यांचा जीव होत नसे. घरी आत्या आणि त्यांच्या वहिनी, म्हणजे मालकांच्या आई, अशा दोघीच. मालक बायकोमुलांना घेऊन नव्या फ्लॅटमध्ये गेले, वहिनी गेल्या नाहीत. भाऊ वारले, त्यालाही बरीच वर्षं झाली. तर वहिनींच्या स्वयंपाकघरात आमच्या एजन्सीचं संग्रहालय आहे. डब्यांखाली दातांचा डॉक्टर अंथरलेला आहे. फोडणीचे शिंतोडे उडू नयेत म्हणून गॅसमागे कुलूपवाला उभा आहे, त्याच्यावर तेलाचे ओघळ. "चोर येणारच" इतकंच आता वाचता येतं.

आत्या आणि वहिनी यांचं भांडण मी पाहिलेलं सगळ्यात सभ्य भांडण होतं. वहिनी त्यांना वन्सं म्हणायच्या आणि अहोजाहो करायच्या, आत्याही वहिनींना अहोजाहो करायच्या, आणि ह्या इतक्या आदरातून दोघी एकमेकींचा जीव काढायच्या. भांडणाचा मुख्य मुद्दा गॅसचं बटण. आत्यांनी चहा केला की वहिनी मागून यायच्या आणि "बघून घेते हं वन्सं" म्हणत बटण तपासायच्या. बटण बंदच असायचं. इतक्या वर्षांत एकदाही उघडं राहिलं नव्हतं, पण वहिनी तपासायच्या, आणि आत्यांच्या डोक्यात तिडीक जायची. "मी बावळट आहे का, असं एकदा तोंडावर विचारावंसं वाटतं," आत्या मला म्हणायच्या. "पण त्या हो म्हणतील."

हे सगळं सांगतोय ते एवढ्याचसाठी, की आत्यांना ऑफिस म्हणजे काय होतं हे कळावं. सकाळी घरातून बाहेर पडता येणं आणि संध्याकाळी दमून परत जाता येणं, ह्यावर त्या घरातली शांतता उभी होती. ती लाकडी खुर्ची गेली असती तर दिवसभर वहिनींसमोर बसायचं होतं.

आणि खुर्ची जाणार होती. मालकांनी मला बाजूला घेतलं आणि छपाईयंत्राकडे बघत सांगितलं, "आत्याला आता आराम द्यावा म्हणतो. बकरा काय, हल्ली कॉम्प्युटर पण लिहून देतो."

"देतो ना," मी म्हटलं. "परवा लिहिला. इतका गोड होता की गिऱ्हाइकाने तोच घेतला असता."

"ते शिकेल तो. तू तिला हळूच सांगशील का? तुझं ऐकते ती."

मी म्हटलं, मी चित्रं काढतो, माणसं काढत नाही. पण मालकांनी ठरवलेलं दिसत होतं. वर्षअखेर, असं म्हणाले. आत्यांना सांगायची हिंमत त्यांच्यात नव्हती, माझ्यात तर नव्हतीच. तरी आत्यांना वास लागला होता. त्या पूर्वी दुपारी दहा मिनिटं डोळे मिटायच्या, ते त्यांनी बंद केलं.

त्याच सुमारास गादीवाले शेठ आले.

शेठचा गाद्यांचा कारखाना. ह्या माणसाला एक सवय होती. जिथे बसायचं ते आधी तळहाताने दाबून बघायचं. आमचा सोफा त्यांनी दाबला आणि त्यांचा चेहरा इतका पडला की मालकांनी लगेच खुर्ची मागवली. काम मोठं होतं. मालकांनी मधलीला सगळे पत्ते टाकले, "विश्वासाची झोप, स्वप्नांची सोबत." पहिली नेहमीसारखी, "उत्तम गाद्या, वाजवी भाव." आणि आत्यांनी बकरा दिला:

गादीचं आम्ही बघतो. झोपेचं तुमचं तुम्ही बघा.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. बकरा नुसता भलता लिहून भागत नाही, तो भलता दिसावाही लागतो. मी बकऱ्याला नेहमी पिवळंजर्द करायचो, अक्षरं वाकडी, कोपऱ्यात एखादं विनाकारण फूल. त्या दिवशी खालच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला, माझं मशीन थरथरून बंद पडलं, आणि परत सुरू होईपर्यंत बकऱ्याला नटवायला वेळच उरला नाही. पांढऱ्यावर काळी अक्षरं, एवढंच करून मी तो पाठवला. तो मधलीपेक्षा देखणा दिसत होता, हे मला बैठकीत कळलं.

शेठने तिन्ही बोर्ड पाहिले. मधलीवर मान हलवली. बकऱ्याशी आले आणि थांबले. मालकांनी सवयीप्रमाणे हात पुढे केला, बकरा उलटा ठेवायला.

"राहू दे," शेठ म्हणाले, आणि हसायला लागले. डोळे पुसण्याइतके हसले. "अहो, रोज एक जण गादी परत घेऊन येतो. झोप लागत नाही म्हणतो. सासूशी वाकडं, साहेब त्रास देतो, मुलगा बोलत नाही, आणि गादी माझी खराब. मी वीस वर्षं हेच म्हणायला बघतोय. हीच लावा."

"शेठ, ही जरा उद्धट—" मालक म्हणाले.

"उद्धटच हवी."

मालकांनी मला बाहेर बोलावून विचारलं, आता काय करायचं? इतक्या वर्षांत बकरा कोणी विकत घेतला नव्हता, त्यामुळे घेतला तर काय करायचं हे आम्हाला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, विकायचा.

मोठ्या चौकातल्या सिग्नलला ती पाटी लागली. लाल दिव्याला थांबलेली माणसं ती वाचून आपसात हसायची, फोटो काढायची. आत्या एक दिवस मुद्दाम त्या बाजूने चालत गेल्या आणि पलीकडच्या फुटपाथवर बराच वेळ उभ्या राहिल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "तू झ चा पाय जरा लांब काढलायस." त्या दिवशी मात्र त्यांनी दोन चहा घेतले.

शेठचा फोन आला. पुढच्या वर्षाचं सगळं काम आम्हाला, पण लिहिणारा तोच हवा. ऑफिसात जो काही आनंदीआनंद झाला, त्यात मालकांनी आराम हा शब्द गिळून टाकला आणि आत्यांना बढती दिली. काचेची केबिन दिली. चाकांची खुर्ची दिली. आत्या त्या खुर्चीवर बसल्या तेव्हा ती त्यांना घेऊन भिंतीपर्यंत गेली. आणि मालकांनी सांगितलं, "आत्या, आता बकरा नाही. आता मधली तू लिहायची."

तिथे घोळ झाला. आत्यांना मधली लिहिता येईना.

चार दिवसांनी त्यांनी मला कागद दाखवला. "सुखाच्या झोपेसाठी एकच नाव." खाली दुसरं, "निवांत रात्र, प्रसन्न सकाळ." माझा चेहराच आधी बोलला असावा.

"हे मी लिहिलं?" आत्यांनी विचारलं.

"अक्षर तुमचंच दिसतंय."

"सोन्या बरा की रे ह्याच्यापेक्षा. तो निदान मनापासून वाईट लिहितो." त्यांनी कागद चुरगाळला. "मला वाटतं कोणीतरी मागे उभं राहून बघतंय."

"बघतंयच. काच आहे."

मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. ह्या बाईने आयुष्यभर नाकारलं जाण्यासाठी लिहिलं, म्हणून मनाला येईल ते लिहिलं. आता कोणीतरी हो म्हणावं म्हणून लिहायला बसल्या, तर सगळ्या जगासारख्याच गुळगुळीत झाल्या. आणि शेठला तीच तिखट बाई हवी होती. ती मिळाली नाही तर वर्षाचं काम जाणार, काम गेलं की आराम परत येणार, आणि आराम म्हणजे वहिनी.

मग मी एक लबाडी केली. मी आत्यांना म्हटलं, "मधली मालकांनी लिहिली हो. शेठला आवडेल अशीच आहे. तुम्ही फक्त बकरा द्या, नेहमीसारखा. आणि खिडकीपाशी बसा, ती काच पुसायची आहे."

आत्या लाकडी खुर्चीवर जाऊन बसल्या. पाय वर घेतले. त्या दिवशी दुपारी दहा मिनिटं डोळे मिटले. उठल्या आणि जुन्या पाकिटाच्या मागे लिहून माझ्या टेबलावर टाकलं:

आता एकटेच आहात ना? मग मधे झोपा.

मी ते वाचलं आणि परत वाचलं. "हे कुठून आणलंत?"

"कुठून म्हणजे, घरातूनच. आमच्या वहिनी." त्या चष्मा पुसत होत्या. "भाऊ जाऊन इतकी वर्षं झाली. पलंग केवढा मोठा. त्या अजून भिंतीच्या बाजूला कडेकडेने झोपतात. सकाळी चादर मी झटकते ना, मला दिसतं. दुसऱ्या बाजूला एक सुरकुती नसते. कोणी येणार आहे का तिथे आता?"

"त्यांना कधी बोललात?"

"आम्ही? आम्ही फक्त गॅसच्या बटणावर बोलतो."

मी तो बकरा पांढऱ्यावर काळ्याने केला. ह्या वेळी मुद्दाम.

बैठकीला शेठने सांगून ठेवलं होतं, लिहिणाऱ्याला भेटायचंय. म्हणून आत्या आयुष्यात पहिल्यांदा बैठकीच्या टेबलाशी, गिऱ्हाइकासमोर बसल्या. इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. मी तीन बोर्ड मांडले. मालकांनी ऐनवेळी खरंच एक मधली लिहिली होती, "सारं कुटुंब, एक स्वप्न." शेठने आत्यांना नमस्कार केला, खूप कौतुक केलं, मग बकरा उचलला आणि त्यांचा चेहरा आमचा सोफा दाबताना झाला होता तसा झाला.

एक पाटी चालली की माणूस शूर होतो असं मला वाटायचं. उलटं असतं. आधी शेठकडे गमावण्यासारखं काही नव्हतं, आता होतं.

"बाई, हे नको," ते म्हणाले. "लग्न झालं की लोक गादी घेतात. मूल झालं की घेतात. एकटं माणूस घेत नाही, ते जुन्यावरच काढतं."

"म्हणून तर," आत्या म्हणाल्या.

"आणि ह्यात दुःख आहे. दुःख बघून कोण दुकानात येतं?"

आत्या उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. शेकड्याने बकरे कापले गेले तेव्हा ही बाई खिडकीबाहेर बघत बसायची. "दुःख कुठंय त्यात? जागा आहे. अर्धा पलंग मोकळा पडलाय, तो वापरा म्हणतेय मी. कोणीतरी सांगायला नको का त्यांना? घरातलं माणूस सांगू शकत नाही हे. भिंतीवरचं सांगू शकतं."

"आत्या, बस," मालक म्हणाले.

"सोन्या, तू गप्प."

शेठने बकरा हळूच खाली ठेवला, उलटा. मालकांची मधली उचलली, ही लावा म्हणाले. मालकांनी मान हलवली. त्यांना ती हलवायची इतकी सवय आहे की त्यांच्याही लक्षात येत नाही. जाताना शेठ दारात थांबले आणि चांगल्या मनाने म्हणाले, "बाईंना जरा आराम द्या. दमल्यात."

झालं. शब्द परत आला, आणि तोही गिऱ्हाइकाच्या तोंडून. मालकांनी त्याच दुपारी छपाईयंत्राकडे बघत सांगून टाकलं, पुढच्या महिन्यापासून तू घरी. आईला सोबत होईल.

"त्यांना सोबत म्हणजे मला शिक्षा," आत्या म्हणाल्या. पण जोर नव्हता. मला म्हणाल्या, "तू खोटं बोललास ना? तो बकरा नव्हता."

"आता झाला," मी म्हटलं. मला इतका राग आला होता की मालकांच्या तोंडावर लोगो मारावासा वाटत होता.

आत्यांनी बोर्ड काखेत मारला आणि घरी गेल्या.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मालक माझ्या टेबलाशी आले. चेहरा त्रासलेला. "आईची पाठ धरलीय. नवी गादी हवी म्हणते, आजच्या आज. शेठकडून मागवली तर त्यांची माणसं जिन्याखाली ठेवून गेली. जरा चल ना."

म्हणजे आधी ह्यांच्या नात्यातली भानगड निस्तरायची आणि मग ह्यांच्या गाद्याही उचलायच्या. गेलो. मालक पुढे, मी मागे, मधे गादी. जिन्याच्या वळणावर ती अडकली आणि मालक तिच्या पलीकडून मला सूचना देत होते. आत्या वर दार धरून उभ्या होत्या. महिना संपायला आला होता, त्या घरी बसायचा सराव करत होत्या बहुतेक.

बाहेरच्या खोलीत वहिनी सोफ्यावर पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून आडव्या होत्या. आल्याबरोबर मुलाला सुनावलं, "हळू आण. भिंतीला घासू नकोस. आणि हे सगळं वन्संमुळे. त्यांनी ती पाटी आणली. आणि मला अवदसा आठवली, मधे जाऊन झोपले. मधे केवढा उंचवटा. पाठ मोडली माझी."

"मी तुम्हाला आणून दाखवली नव्हती," आत्या म्हणाल्या. "डब्यांखाली घालायला आणली होती."

"मग डब्यांखाली का नाही घातलीत?"

आत्या गादीवरची धूळ झटकायला लागल्या.

आतल्या खोलीत गेलो. बाकीचे बकरे स्वयंपाकघरात होते, हा नव्हता. तो पलंगासमोरच्या कपाटावर उभा करून ठेवला होता, झोपल्यावर समोर दिसेल असा. मालकांनी तो पाहिला. जी ओळ त्यांनी बैठकीत मान हलवून जाऊ दिली होती, ती आईच्या खोलीत त्यांच्याकडे बघत होती. आम्ही चादर काढली आणि जुनी गादी उचलायला वाकलो.

कापसाची जुनी गादी. तिच्यात दोन खड्डे होते. भिंतीकडचा एक, खोल, रोजच्या वापरातला. दाराकडचा दुसरा. आणि दोन्हींच्या मधे उंचवटा, पाठ मोडेल असा. दाराकडचा खड्डा इतक्या वर्षांत कोणी वापरला नव्हता, तरी तो भरला नव्हता.

मालकांनी गादीचा कोपरा सोडला. शेठ दाबून बघतात तसा तळहात त्या खड्ड्यात ठेवला, आणि ठेवलेलाच राहिला. "बाबा ह्या बाजूला झोपायचे," ते म्हणाले.

"दाराकडे तोंड करून घोरायचा तुझा बाप," आत्या म्हणाल्या. "मला बाहेरच्या खोलीत झोप नसायची."

मालक रडले. मी कपाटाकडे बघत राहिलो, कारण मालकाला रडताना बघितलं की पगारवाढ मागता येत नाही. मग बाहेरून वहिनींचा आवाज आला.

"आणि काय रे, वन्संना घरी बसवतोयस म्हणे?"

"आई, तुलाच सोबत—"

"मला विचारलंस? मला नकोय सोबत. दिवसभर आम्ही दोघी समोरासमोर बसलो तर एकीला तुरुंगात जावं लागेल. आणि त्या घरी बसल्या तर ह्या पाट्या कोण आणणार? डब्यांखालच्या जुन्या झाल्यात."

मालकांनी चेहरा पुसला, गादीचा कोपरा परत धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आत्या, सोमवारी वेळेवर ये. ती खिडकीपाशी बस, लाकडीवर. केबिन मी घेतो."

"मी वेळेवरच येते. उशिरा तू येतोस."

जुनी गादी आम्ही गॅलरीत उभी केली, टाकायचं नाव कोणी काढलं नाही. नवी अंथरली, चादर घातली. वहिनी भिंत धरत आत आल्या. सवयीने भिंतीच्या बाजूलाच बसल्या. बसल्या बसल्या समोरची पाटी वाचली. मग गर्दीच्या बाकावर आपण शेजारच्याला थोडं सरका म्हणत सरकतो ना, तशा हळूहळू सरकत मधे आल्या, आणि आडव्या झाल्या. आम्ही तिघं उभे होतो.

"बघताय काय?" त्या म्हणाल्या. "ह्या दोघांनी एवढी गादी चढवली, चहा तरी टाका वन्सं."

आत्या स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज आला, कपांचा आवाज आला. चहा घेऊन त्या आत आल्या आणि दारात जरा थांबल्या, वाट बघत. वहिनींनी पडल्या पडल्या हात लांब करून कप घेतला. बटण बघायला त्या उठल्या नाहीत.